एकोणीस नंबरचे पडदे

शनिवार, आठ जून. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत आणि व्हर्डेल प्रुइट पंचवीस नंबरच्या घराच्या पायऱ्यांसमोर गुडघे टेकून बसल्या आहेत. गुडघ्यांखाली सोफ्याची जुनी गादी, डाव्या हाताला बादली, उजव्या हातात टाचा घासतात तसला खरखरीत दगड. पायऱ्या तीनच, पण पांढऱ्या संगमरवराच्या. आधी पाणी, मग भांडी घासायची पूड, मग दगड, मग पुन्हा पाणी. एका घराला बारा मिनिटं लागतात. स्वतःच्या सतरा नंबरच्या पायऱ्या त्यांनी पावणेसहालाच उरकल्या. पंचवीस नंबरात अजून कुणी राहायला आलेलं नाही, तरी शनिवार आहे म्हणून इथल्याही घासायच्या.

क्लीव्हन डोर्सी कुत्र्याला फिरवून परत येताना थांबतात. ते तेरा नंबरात राहतात. निवृत्त गवंडी आहेत.

“अध्यक्षीणबाई, घासून घासून त्या पायऱ्या संपतील हं. नव्या बिऱ्हाडाला शिडी लावावी लागेल.”

“तुमच्या पायऱ्या बघितल्यात का? कोळशाच्या वखारीत शोभतील.”

“माझा दगड तुमच्याकडे आहे. ऑगस्टपासून.”

“मग मागायचा होता.”

“तुमच्याकडे काही मागायचं तर आधी वकील करावा लागतो.”

मिस व्हर्डेल हसत नाहीत. दगड पाण्यात बुडवतात आणि तिसरी पायरी धरतात.

बाल्टिमोरच्या पश्चिम भागातल्या टिल्मन स्ट्रीटचा हा एकोणीसशेचा ब्लॉक, म्हणजे दोन चौकांमधली घरांची एक रांग. घरांचे नंबर एकोणीसशे अकरापासून एकोणीसशे एकतीसपर्यंत, या बाजूचे सगळे विषम. बोलताना लोक शेवटचे दोन आकडेच घेतात. विटांची, दुमजली, बारा फूट रुंदीची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. दोन घरांमध्ये भिंत एकच. अशी अकरा घरं होती. आता नऊ आहेत. सतराच्या पुढे एकदम तेवीस येतो. मधल्या जागेत गवत, दोन बाकं आणि सगळ्यांच्या सामाईक शिड्या व गवत कापायचं यंत्र ठेवायची एक पत्र्याची खोली आहे. नऊपैकी आठ घरांत माणसं राहतात. पंधरा वर्षांपूर्वी अकरापैकी पाचच घरांत दिवा लागायचा.

हा ब्लॉक बघायला आता दुसऱ्या वस्त्यांमधून लोक येतात. मिस व्हर्डेल त्यांना फिरवतात. कुठल्या घराचं छप्पर कोणत्या साली बदललं, कुठल्या विटांच्या सांध्यांत नवा चुना डोर्सींनी भरला, कुठली खिडकी कुणाच्या गॅरेजमधून आली, हे त्या आकड्यांसकट सांगतात. गवताच्या तुकड्यासमोरून मात्र न थांबता पुढे जातात. कुणी विचारलंच तर म्हणतात, “इथं दोन घरं होती,” आणि तेवीस नंबरच्या नव्या पन्हाळीकडे बोट दाखवतात.

त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. सहा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर नॉर्थ कॅरोलिनाहून आल्या. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन सतरा नंबरात आल्या आणि तिथून हलल्या नाहीत. लग्न झालेलं असलं तरी वस्तीत मोठ्या बाईला आदरानं ‘मिस’च म्हणतात. चौतीस वर्षं एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम केलं. नवरा दोन हजार एक साली गेला. मुलगी अटलांटाला असते, फोनवर तिचं पहिलं वाक्य “आई, तू इकडे कधी येतेस?” हे असतं आणि मिस व्हर्डेलचं पहिलं वाक्य “तिकडे हवा कशी आहे?” हे असतं.

लग्न होऊन आल्या त्याच दिवशी एकवीस नंबरातून आयोन ब्लॅकिस्टन सुई-दोरा घेऊन आल्या होत्या, कारण नव्या नवरीच्या पोशाखाची शिवण काखेत उसवलेली त्यांना दोन दारं पलीकडून दिसली. मिस आयोन चौदा वर्षांनी मोठ्या. रेनकोटच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं कॉलरी शिवल्या. त्यांनी शिवलेली कॉलर उलटी करून पाहिली तरी टाका सापडत नसे, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायका सांगत. मिस व्हर्डेल त्यांना आजही ‘तुम्ही’ म्हणतात. सतरा आणि एकवीसच्या मध्ये फक्त एकोणीस नंबर होता. तिथलं कुटुंब दोन हजार सहा साली दार ओढून निघून गेलं आणि मालकाचा पत्ता लागेना.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात भर दुपारी एकोणतीस नंबरच्या रिकाम्या घराला आग लागली. भिंतीतले तांब्याचे नळ चोरायला आत शिरलेल्या दोघांनी पेटवलेली मेणबत्ती तिथेच सोडली होती. सत्तावीसचं छप्परही जळालं. त्या आठवड्यात उरलेल्या पाच घरांतली माणसं मिस आयोनच्या स्वयंपाकघरात जमली. ब्लॉक क्लबची ती पहिली बैठक. अध्यक्ष मिस व्हर्डेल झाल्या, कारण वही त्यांनी आणली होती.

डोर्सी म्हणाले, “चोर तीन गोष्टी बघतो. पडदा, दिवा आणि दाराशी साचलेली पत्रं. आपण रिकामी घरं रिकामी दिसू द्यायची नाहीत. बास.”

पडदे मिस आयोननी शिवले. हॉस्पिटलनं मोडीत काढलेल्या चादरींचे, पण चुण्या घालून आणि अस्तर लावून.

“चोरांसाठी अस्तर?” डोर्सींनी विचारलं.

“चोर झाला म्हणून काय आंधळा असतो?” मिस आयोन म्हणाल्या. “तू विटा बघ.”

एकोणीस नंबर दोघी मैत्रिणींच्या मधलं, म्हणून त्यावर जास्त मेहनत झाली. मिस व्हर्डेलनी स्वतःच्या तळघरातून वायर ओढून आत दिवा लावला. तो संध्याकाळी सहाला आपोआप लागे आणि दहाला विझे. मागच्या पायऱ्यांवर चांगल्या मोठ्या मापाचे पुरुषी बूट ठेवले. नाताळात दाराला हिरवी माळ. बर्फ पडला की डोर्सी तेच बूट घालून दारापर्यंत पावलं उमटवून येत. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी फक्त आत जाणारी पावलं उमटवली आणि परसातल्या कुंपणावरून उडी मारून घरी गेले. मिस आयोननी खिडकीतून ओरडून विचारलं, “अरे, मग तो बाहेर कधी पडतो? कामधंदा आहे की नाही त्याला?”

अशा रीतीनं घरात माणूस राहायला आला. त्याचं नाव मिस्टर हॉज ठेवलं. रात्रपाळीला जातो, दिवसा झोपतो, तापट आहे, बायको नाही. ब्लॉकवरच्या सगळ्यांना हे पाठ होतं. नियम एकच होता: घर रिकामं आहे हे परक्या माणसाला कधीही सांगायचं नाही. विजेचं मीटर बघायला येणाऱ्याला नाही, बदली पोस्टमनला नाही, घरोघर फिरणाऱ्या धर्मप्रसारकांना तर नाहीच. पुढच्या चार वर्षांत पडदे असलेल्या एकाही घराचा एकही नळ चोरीला गेला नाही.

दोन हजार तेराच्या मे महिन्यात एका मंगळवारी दुपारी पिवळं जाकीट घातलेली, हातात टॅबलेट घेतलेली एक कॉलेजची मुलगी ब्लॉकवर आली. वस्तीतली घरं सुधारण्याची एक योजना येत होती. घर रिकामं आणि मोडकळीला आलेलं असेल आणि मालक दाद देत नसेल, तर ते कोर्टामार्फत काढून घ्यायचं आणि वर्षभरात दुरुस्त करण्याची लेखी हमी देणाऱ्याला विकायचं, असं तिचं स्वरूप होतं. त्यासाठी आधी मोजणी. मुलं रस्त्यावरून घर बघत आणि शंका वाटली तर शेजाऱ्यांना विचारत.

मिस व्हर्डेल आपल्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

“मॅडम, या एकोणीस नंबरात कुणी राहतं का?”

“राहतं की. मिस्टर हॉज. रात्रपाळी असते त्यांची. दार वाजवू नकोस बाई, फार तापट माणूस आहे.”

मुलगी हसली, टॅबलेटवर बोट टेकवलं आणि पुढे गेली. ती कशासाठी आली होती हे मिस व्हर्डेलनी विचारलं नाही. असं उत्तर त्या महिन्यातून चार-पाच वेळा देत.

सप्टेंबरात चर्चच्या तळघरात त्या योजनेची यादी वाचून दाखवली गेली. वाचणारे होते ऑबरी गेन्स. वस्तीच्या गृहसंस्थेत ते नुकतेच नोकरीला लागले होते. टिल्मन स्ट्रीटच्या एकोणीसशेच्या ब्लॉकमधून सत्तावीस, एकोणतीस आणि एकतीस ही घरं घेतली होती. पहिल्या दोन घरांच्या खिडक्या आगीनंतर फळ्या ठोकून बंद केल्या होत्या. एकतीसच्या खिडक्यांना काचाच नव्हत्या. तिन्ही घरांना पडदे नव्हते.

“आणि एकोणीस?” मिस आयोननी विचारलं.

गेन्सनी कागदावर बोट फिरवलं. “एकोणीसमध्ये वस्ती आहे, असं लिहिलंय.”

डोर्सी खुर्चीवर मागे रेलून हसायला लागले. “मिस्टर हॉज! अरे, मिस्टर हॉज सरकारी कागदावर आला!” सगळे हसले. मिस आयोन डोळे पुसत म्हणाल्या, “माझे पडदे. सांगत होते ना तुला, अस्तर हवंच.”

गेन्स हसले नाहीत. यादी बंद झाली होती. पुढची मोजणी दोन वर्षांनी होती.

मिस व्हर्डेल दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. मंगळवारची ती मुलगी त्यांना तेव्हाच आठवली. त्या बोलल्या नाहीत. सगळे हसत होते, आणि हसणं थांबल्यावर बोलायचं कसं हे सुचलं नाही, एवढंच कारण त्या आज सांगतात. त्यात आणखी काही भर घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेन्सना फोन करून एकोणीस नंबर रिकामं असल्याचं कळवलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या मोजणीत घेऊ म्हणाले. मोजणीच्या मुलीला काय सांगितलं होतं, हे फोनवरही निघालं नाही. मोजणारे रस्त्यावरून बघून गेले आणि पडद्यांना फसले, असंच क्लबनं धरलं. वहीतही तसंच लिहिलं गेलं. अक्षर मिस व्हर्डेलचं आहे.

घर रस्त्याच्या बाजूनं सावरलेलं होतं. पाणी मागून शिरत होतं. एकोणीसच्या मागच्या पन्हाळीला भोक पडलं होतं. डोर्सींनी दोनदा ताडपत्री बांधली, दोनदा वाऱ्यानं ती नेली. छपराच्या तुळया आतून मऊ झाल्या. दोन हजार चौदाच्या शरद ऋतूत मिस आयोनच्या कोठीच्या भिंतीवर ओल आली. ती भिंत त्यांची आणि एकोणीसची एकच. आधी ताटाएवढा डाग, मग दाराएवढा. मिस आयोननी पिठाचे डबे दुसऱ्या बाजूला हलवले.

“मिस्टर हॉज आंघोळ फार करतो वाटतं,” त्या म्हणायच्या.

सव्वीस फेब्रुवारी दोन हजार पंधरा, गुरुवार. आठवडाभर सगळं गोठलेलं होतं आणि त्या सकाळी वितळायला लागलं. मिस आयोनची डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ होती. मिस व्हर्डेल बरोबर गेल्या होत्या. दहा चाळीसला एकोणीस नंबरची मागची भिंत परसात कोसळली आणि जाताना एकवीसच्या बाजूची सामाईक भिंत पहिल्या मजल्यापर्यंत ओढून घेऊन गेली. दोघी साडेबाराच्या बसनं परत आल्या तेव्हा रस्ता दोरी लावून बंद केला होता. मागच्या गल्लीतून मिस आयोनचा पलंग दिसत होता. वर चादर नीट घातलेली होती.

कुणाला इजा झाली नाही. दोन्ही घरांवर धोक्याच्या लाल पाट्या लागल्या. मिस आयोनना अग्निशमन दलाच्या जवानाबरोबर पुढच्या खोलीत वीस मिनिटं जाऊ दिलं. त्यांनी बायबल, नवऱ्याचा फोटो, औषधं आणि शिवणयंत्र एवढं बाहेर आणलं. यंत्र जवानानं उचललं. एप्रिलमध्ये दोन्ही घरं पाडली. सतरा नंबरच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर एकोणीसच्या जिन्याची तिरकी रेघ आणि निळ्या भिंतकागदाचा चौकोन दिसत होता. डोर्सींनी जूनमध्ये त्यावर सिमेंटचा गिलावा केला. सांगावं लागलं नाही.

मिस आयोन शहराच्या हद्दीपलीकडे, हमरस्त्याजवळच्या सात मजली ज्येष्ठांच्या इमारतीत राहायला गेल्या. पाचवा मजला, एक खोली. पोचल्यावर महिनाभरात त्यांनी शिवणयंत्र तिथल्या एका बाईला विकून टाकलं. इमारतीतल्या बायका पँटची शिवण घालून मागत, तेव्हा त्या म्हणत, “माझ्या हातानं एक घर खाल्लंय. तुमची पँट कशाला देता?” मिस व्हर्डेल दर रविवारी जात. घरी तळलेला मासा पांढऱ्या पावात घालून, कागदात गुंडाळून नेत. खाली दिवाणखान्यात बसून दोघी खात. मिस आयोनचं एक वाक्य ठरलेलं असे: “मी जरा वाईट शिवत असते तर आज माझ्या घरात असते.” त्या हे हसून म्हणत. नऊ वर्षं म्हणत होत्या.

या नऊ वर्षांत ब्लॉकवर जे झालं ते बघायला लोक येतात. क्लबचा जुना नियम मिस व्हर्डेलनी भिंत पडल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत रद्द केला. नवा नियम असा झाला: रिकाम्या घराला रिकामं म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही. प्रत्येक जोराच्या पावसानंतर चोवीस तासांत दोघांनी ब्लॉकवरच्या प्रत्येक घराचा वरचा मजला बघून यायचं. भिंतीला हात लावून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. दोन हजार पंधराच्या मोजणीत त्या स्वतः मोजणाऱ्या मुलांबरोबर घरोघर फिरल्या. सत्तावीस आणि एकोणतीस नंबर दोन हजार सतरा साली भरले, एकतीस नंबर दोन हजार अठरा साली, पंधरा नंबर दोन हजार वीस साली. दुरुस्ती करणाऱ्यांनी कारागीर वस्तीतलेच घ्यावेत ही अट त्यांनी घालून घेतली. त्यातली सहा माणसं आज डोर्सींच्या हाताखाली शिकून स्वतंत्र काम करतात. एवढी धडपड कशासाठी, असं त्यांना कुणी विचारलं नाही. कामं होत होती.

शेवटचं उरलं पंचवीस नंबर. ते गेल्या हिवाळ्यात पूर्ण झालं. गृहसंस्थेनं ते कमी भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि पहिलं नाव सुचवायचा मान क्लबला दिला. जानेवारीच्या बैठकीत मिस आयोनचं नाव निघालं आणि सगळे हात वर झाले. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, म्हणून न्हाणीघर तळमजल्यावर करून घेतलं. डोर्सींनी दाराशी लोखंडी कठडा बसवला.

फेब्रुवारीत मिस व्हर्डेल पत्र घेऊन गेल्या. मिस आयोननी ते दोनदा वाचलं.

“स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं?”

“येतं. तुमच्या जुन्या घरापेक्षा जास्त.”

“डोर्सी अजून तितकाच बडबडतो?”

“जास्त.”

“मग मी बहिरी झाले ते बरंच झालं.” त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. “एक सांगून ठेवते. पडदे विकतचे आणायचे. मला शिवायला कुणी सांगायचं नाही. त्या ब्लॉकवर मी सुई हातात धरणार नाही.”

मिस व्हर्डेल त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढचे तीन रविवारही बोलल्या नाहीत. चौथ्या रविवारी, सतरा मार्चला, मासा कागदातून सोडवण्याआधी त्यांनी सांगितलं. मोजणीची मुलगी, पिवळं जाकीट, शेंगा, मिस्टर हॉजची रात्रपाळी. तिनं विचारलं होतं आणि मी कुणीतरी राहतं म्हणाले. पडद्यांचा काही संबंध नव्हता.

मिस आयोननी ऐकण्याच्या यंत्रावर बोट दाबलं. “पुन्हा सांग.”

मिस व्हर्डेलनी पुन्हा सांगितलं, त्याच क्रमानं.

“चर्चच्या तळघरात तू होतीस.”

“होते.”

“मी पडदे म्हणाले तेव्हा.”

“हो.”

“आणि नंतर दर रविवारी.”

“हो, मिस आयोन.”

स्वागतकक्षात बसणारी बाई सांगते, की मिस आयोन चाकांचा वॉकर धरून उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो. मिस व्हर्डेलनी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

“मी यंत्र विकलं, व्हर्डेल,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईचं होतं.” लिफ्टशी पोचल्यावर मान न वळवता म्हणाल्या, “मासा घेऊन जा. गार झालाय.”

नऊ एप्रिलच्या क्लबच्या बैठकीत विषय क्रमांक चार म्हणून मिस व्हर्डेलनी हेच सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. तेवीस माणसं हजर होती. त्यांतल्या निम्म्यांनी मिस्टर हॉजचं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

डोर्सी म्हणाले, “अध्यक्षीणबाई, त्या दिवशी पायरीवर मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. नियम होता तो. आपणच केला होता.”

“म्हणाले ते नियमानं,” मिस व्हर्डेल म्हणाल्या. “गप्प बसले तो नियम नव्हता.”

“गप्प बसलात म्हणून काही भिंत पडली नाही. पडायची ती पडलीच असती.”

“भिंतीचं कोण बोलतंय?”

डोर्सींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मिस व्हर्डेलनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो घ्यायचा की नाही यावर मत मागितलं गेलं, कुणी हात वर केला नाही आणि विषय क्रमांक पाच सुरू झाला. दोन हजार तेराच्या वहीतली नोंद खोडलेली नाही. तिच्याखाली नव्या तारखेनं दुरुस्ती लिहिली आहे.

पंचवीस नंबरचा होकार-नकाराचा कागद मिस आयोनकडून तीस एप्रिलला टपालानं परत आला. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. ‘घर नको’ या चौकोनात फुली होती, खाली सही. कारण लिहायला चार ओळी सोडलेल्या होत्या, त्या कोऱ्या आहेत. गेन्सनी इमारतीत फोन करून सांगितलं, की विचार बदलणार असेल तर आठ दिवस थांबता येईल. मिस आयोन म्हणाल्या, “बाळा, माझ्या स्वयंपाकघरावर आता गवत वाढतंय. खिडकीतून तेच बघायचं का मी?” आणि त्यांच्या आईची तब्येत विचारली.

घर आता शाळेची बस चालवणाऱ्या एका बाईंना मिळालं आहे. त्यांना दोन मुली आहेत. एक जुलैपासून राहायला येतील.

मिस व्हर्डेल रविवारी जातच असतात. ज्येष्ठांच्या इमारतीत दाराशी पाहुण्यांची नोंदवही आहे. तीत चोवीस मार्चपासून दोन जूनपर्यंत अकरा रविवार त्यांचं नाव आहे. ‘कुणाला भेटायचं’ या रकान्यात आयोन ब्लॅकिस्टन, खोली पाचशे नऊ. आत येण्याची वेळ नऊच्या आसपास, बाहेर जाण्याची साडेनऊ. स्वागतकक्षातली बाई वर फोन लावते. पलीकडून उत्तर येतं ते तिला मोठ्यानं सांगावं लागतं: “झोपल्यात म्हणतात.” किंवा, “आज बरं नाही म्हणतात.” ईस्टरच्या दिवशी उत्तर आलं, “घरी नाहीत म्हणतात,” तेव्हा ती बाई स्वतःच हसली आणि मग ओशाळली. मिस व्हर्डेल अर्धा तास दिवाणखान्यात बसतात. कागदातला मासा टेबलावर ठेवून निघतात. तो कोण खातं, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.

टिल्मन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून रविवारची पहिली बस आठ वाजून बारा मिनिटांनी सुटते. नोंदवही नऊला उघडते. उद्या रविवार आहे.